विण्यापूर्वीचे दोन महिने : गाईचे कॅल्शियम, ऊन आणि चालणे

दुधाळ गाय व्याली की पहिल्या दोन दिवसांत तिच्या रक्तातले कॅल्शियम घसरते. ही घसरण किती खोल जाईल याचा निकाल मात्र बहुतांशी विण्यापूर्वीच्या सहा ते आठ आठवड्यांत, म्हणजे भाकड काळातच लागलेला असतो. गोपालनात नव्याने पडलेल्यांचे लक्ष व्याल्यानंतर द्यायच्या कॅल्शियमच्या बाटलीकडे असते आणि भाकड गाय दूध देत नाही म्हणून गोठ्याच्या कोपऱ्यात, अंधाऱ्या जागी, आखूड दाव्याला बांधून ठेवली जाते. ऊन आणि हालचाल या दोन्ही गोष्टी तिला नेमक्या याच काळात मिळायला हव्यात. त्या कशा आणि किती द्याव्यात, आणि त्यांच्याकडून कोणती अपेक्षा ठेवू नये, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

आधी हिशेब समजून घ्यावा

प्रौढ गाईच्या रक्तात दर डेसिलिटरमागे साधारण ८.५ ते १० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सुमारे ६०० किलो वजनाच्या गाईच्या रक्तद्रवातले सगळे कॅल्शियम एकत्र केले तरी ते जेमतेम ३ ग्रॅम भरते. चिकात मात्र दर किलोमागे साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे पहिल्याच दिवशी १० किलो चीक निघाला तर त्याबरोबर २० ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते, आणि रक्तात एका वेळी असलेल्या साठ्याच्या ते सहा-सात पट असते.

ही तूट भरून काढण्यासाठी गाईच्या शरीरात तीन मार्ग आहेत. मूत्रपिंडे लघवीवाटे जाणारे कॅल्शियम अडवतात, पण तिथे वाचवण्यासारखे फार थोडे असते. आतडी चाऱ्यातले कॅल्शियम अधिक प्रमाणात शोषू लागतात. त्यासाठी मूत्रपिंडात तयार होणारे क्रियाशील व्हिटॅमिन डी लागते, आणि त्याचा परिणाम पूर्ण दिसायला सुमारे एक दिवस जातो. तिसरा मार्ग हाडांचा. शरीरातले ९८ टक्क्यांहून अधिक कॅल्शियम हाडांत असते, म्हणजे मोठ्या गाईत सात-आठ किलो. पण हा साठा मुदत ठेवीसारखा आहे : पॅराथायरॉइड संप्रेरकाने (रक्तातले कॅल्शियम घटले की मानेतल्या ग्रंथी ते सोडतात) मागणी केल्यानंतर हाडांतून पुरेसे कॅल्शियम सुटायला साधारण दोन दिवस लागतात. गाय चीक मात्र आजच देते.

रक्तातले कॅल्शियम ८ मिलिग्रॅमच्या खाली गेले की लक्षणे दिसत नसली तरी कमतरता सुरू झालेली असते. ते साधारण ५.५ च्या खाली गेले की बहुतेक गाई बसतात आणि मग त्या अवस्थेला आपण दुग्धज्वर किंवा मिल्क फिव्हर म्हणतो. लक्षणांविना असलेली कमतरता वाटते त्यापेक्षा फार जास्त आढळते. अमेरिकेतील कळपांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पहिल्या वेताच्या सुमारे २५ टक्के आणि तिसऱ्या वेताच्या जवळपास निम्म्या गाईंमध्ये व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत ती आढळली होती. वार न पडणे, मायांग बाहेर येणे, चौथे पोट जागेवरून सरकणे आणि कासदाह यांची शक्यता या छुप्या कमतरतेमुळेही वाढते, कारण गर्भाशय, पोट आणि सडाचे तोंड बंद ठेवणारा स्नायू या सर्वांना आकुंचनासाठी कॅल्शियम लागते.

पहिली पायरी : गाई निवडाव्यात

सर्व गाईंना सारखीच जोखीम नसते. पहिलारू कालवडींची हाडे अजून वाढत असतात, त्यांच्यात हाडांची घडामोड वेगाने चालू असते आणि त्यांना दुग्धज्वर क्वचितच होतो. तिसऱ्या वेतापासून पुढच्या गाई, जर्सी जातीच्या गाई, मागच्या वेळी दुग्धज्वर झालेल्या गाई आणि भाकड काळात जास्त लठ्ठ झालेल्या गाई यांची वेगळी यादी करावी. वय वाढते तसे हाडांतून कॅल्शियम सोडणाऱ्या पेशी आणि आतड्यातले व्हिटॅमिन डीचे ग्राहक (त्याचा संदेश घेणारे रिसेप्टर) दोन्ही घटतात, म्हणून यंत्रणा तीच असली तरी तिचा वेग मंदावतो. जागा किंवा मनुष्यबळ कमी असेल तर ऊन आणि फिरवणे यांचा पहिला मान या यादीतल्या गाईंना द्यावा.

दुसरी पायरी : ऊन आणि उजेड यांचा वेगवेगळा विचार करावा

नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो. दिवसाचा प्रकाश गाईवर दोन अगदी निरनिराळ्या वाटांनी काम करतो. एक वाट त्वचेतून जाते आणि व्हिटॅमिन डीपाशी पोहोचते. दुसरी डोळ्यांतून जाते आणि मेलाटोनिन, प्रोलॅक्टिन यांसारख्या संप्रेरकांमार्फत दुधाच्या प्रमाणावर परिणाम करते. गोठ्यात झगझगीत दिवे लावले म्हणून व्हिटॅमिन डी तयार होत नाही, आणि गाय दुपारभर उन्हात राहिली म्हणून रात्रीच्या उजेडाचा प्रश्न सुटत नाही.

त्वचेची वाट आधी पाहू. उन्हातले २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे अतिनील किरण त्वचेतल्या एका कोलेस्टेरॉलजन्य द्रव्यावर पडले की त्यापासून व्हिटॅमिन डी-३ तयार होते. यकृतात त्याचे साठवणीचे रूप बनते आणि मूत्रपिंडात, पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या हुकमानुसार, क्रियाशील रूप. गाईचे अंग केसांनी झाकलेले असल्यामुळे तिला उन्हाचा उपयोग फक्त नाकपुडीवर आणि कासेवर होत असावा, असा समज पूर्वी होता. डेन्मार्कमध्ये गाईंना कमी-अधिक आकाराची कापडे पांघरून केलेल्या प्रयोगाने तो खोडून काढला : अंगाचा जितका जास्त भाग उघडा, तितके रक्तातले व्हिटॅमिन डी जास्त. म्हणजे पाठ आणि कुशी उन्हात असणे महत्त्वाचे आहे. छपराखाली उभे राहून केवळ तोंड उन्हात काढलेल्या गाईला त्याचा फारसा लाभ होत नाही.

हे किरण काचेतून आत येत नाहीत आणि गोठ्यातल्या नेहमीच्या दिव्यांतूनही मिळत नाहीत. त्यामुळे खिडक्यांनी उजळलेला गोठा डोळ्यांना कितीही प्रसन्न वाटला तरी व्हिटॅमिन डीच्या हिशेबात तो अंधाराच गणावा. सूर्य क्षितिजाजवळ असतानाही हे किरण फारच थोडे पोहोचतात. मोकळ्या जागी उभे राहून आपली सावली पाहावी. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन या कामाचे आहे, आणि दुपटीहून लांब असेल तर गाय बाहेर काढण्याचा फायदा चालण्यापुरताच आहे. विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत हिवाळ्यात दिवसभर सावली लांबच राहते. तिथे उन्हावर विसंबून चालत नाही आणि खुराकातून व्हिटॅमिन डी द्यावेच लागते.

आता अडचण अशी की कामाचे ऊन आणि त्रासदायक ऊन बऱ्याचदा एकाच वेळी असते. उष्म्याने धापा टाकणारी गाय चारा कमी खाते, म्हणजे कॅल्शियमही कमी घेते. शिवाय धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडून तिचे रक्त अल्कधर्मी बाजूला झुकते, आणि अशा स्थितीत पॅराथायरॉइड संप्रेरकाची हाक हाडांना नीट ऐकू जात नाही. म्हणून गरम हवामानात गाय भर दुपारी उन्हात बांधून ठेवणे हा उपाय नसून अपाय आहे. सकाळचा मधला प्रहर, सावली आखूड होऊ लागली आहे पण हवा अजून तापलेली नाही असा, सर्वांत सोयीचा. मोकळ्या जागेत निम्मी सावली आणि निम्मे ऊन असावे, पाण्याची टाकी सावलीत असावी आणि ऊन-सावलीची निवड गाईवर सोपवावी. श्वास मिनिटाला ६० च्या पुढे गेलेला दिसला तर तिला त्या दिवशी आत घ्यावे. पांढऱ्या ठिपक्यांची, विरळ केसांची कातडी आणि कास भाजू शकते, त्यामुळे अंधाऱ्या गोठ्यातून आणलेल्या गाईला पहिल्या आठवड्यात अर्धा-पाऊण तासच उन्हात ठेवावे आणि मग दोन-तीन तासांपर्यंत वाढवत न्यावे.

व्हिटॅमिन डीचे साठवणीचे रूप रक्तात काही आठवडे टिकते. याचा फायदा असा की ढगाळ दिवस मध्ये आले तरी बिघडत नाही; तोटा असा की विण्याच्या चार दिवस आधी उन्हात काढून हा साठा तयार होत नाही. गाय आटवली त्याच आठवड्यात सुरुवात करावी. खुराकातून द्यायच्या व्हिटॅमिन डीसाठी अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००१ च्या शिफारशींत वजनाच्या दर किलोमागे रोज ३० आंतरराष्ट्रीय एकके हे प्रमाण दिले होते, म्हणजे ६०० किलोच्या गाईला १८,००० एकके. उन्हात वाळवलेल्या वैरणीत व्हिटॅमिन डी-२ असते, पण गाईच्या रक्तातली पातळी वाढवण्यात ते डी-३ इतके समर्थ नसते. ऊन आणि खनिज मिश्रण दोन्ही मिळत असताना वर आणखी इंजेक्शने देण्याचा मोह टाळावा. व्हिटॅमिन डीच्या अतिरेकाने हृदय, रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडांत कॅल्शियमचे थर साचतात आणि ते परत काढता येत नाहीत.

डोळ्यांच्या वाटेचे काम थोडक्यात सांगता येते. दूध देणाऱ्या गाईला रोज १६ ते १८ तास चांगला उजेड आणि उरलेला वेळ अंधार दिला तर दूध वाढते, आणि भाकड गाईच्या बाबतीत नियम उलटा आहे : तिला ८ तास उजेड आणि १६ तास अंधार मिळाला तर पुढच्या वेतात ती जास्त दूध देते. म्हणून दोघींना एकाच दिव्याखाली ठेवू नये आणि भाकड गाईंच्या बाजूचे दिवे रात्री बंद करावेत. उन्हाचे दोन-तीन तास या आठ तासांत सहज बसतात. जास्त दूध म्हणजे कॅल्शियमची जास्त मागणी, हे मात्र विसरू नये. प्रकाशाचे वेळापत्रक सुधारणाऱ्याने कॅल्शियमची तयारीही त्याच वेळी सुधारायला हवी.

तिसरी पायरी : चालायला लावावे

हाड भार ओळखते. पाऊल जमिनीवर टेकते आणि उचलले जाते तेव्हा हाडाच्या सूक्ष्म नलिकांतला द्रव हलतो. आतल्या पेशींना तो इशारा असतो आणि त्या नवे हाड घालण्याचे काम चालू ठेवतात. नुसते उभे राहण्याने हा इशारा मिळत नाही, कारण भार असला तरी तो बदलत नाही. उलट हालचाल थांबली की हाड झिजू लागते आणि ठेव अकाली रिकामी होते. व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात गाय हाडांतल्या कॅल्शियमचा साधारण दहावा हिस्सा दुधासाठी खर्च करते आणि तो दुधाच्या उत्तरार्धात व भाकड काळात परत भरते. चालण्याची खरी जागा या भरणीच्या काळात आहे.

इथे एक स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. चालवल्याने दुग्धज्वर टळतो असे सरसकट म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तो टाळण्याचे मुख्य काम चाराच करतो. चालण्याचा दुसरा लाभ मात्र तितकाच मोलाचा आहे. फिरण्याची सवय असलेल्या गाईचे स्नायू आणि खूर चांगले राहतात, तिला कमी श्रमात उठता-बसता येते, आणि कॅल्शियम थोडे घसरले तरी ती गव्हाणीपर्यंत जाऊन खाते. बांधून ठेवलेली, सुजलेल्या गुडघ्यांची गाय तेवढ्याच घसरणीत बसून राहते, चारा सोडते आणि मग घसरण आणखी वाढते. स्वित्झर्लंडच्या प्राणिसंरक्षण नियमांत बांधून ठेवलेल्या गाईंना वर्षातून किमान ९० दिवस बाहेर सोडण्याची सक्ती आहे, आणि त्यांतले ३० दिवस हिवाळ्यातले असावे लागतात. हा किमान आकडा आहे. भाकड गाईच्या बाबतीत रोजचा नियम ठेवावा.

जमीन आधी तपासावी. फिरण्याच्या वाटेवर स्वतः अनवाणी चालून पाहणे ही सर्वांत भरवशाची परीक्षा आहे : जिथे आपला पाय घसरतो किंवा खडी टोचते तिथे गाय पाऊल आखूड टाकते, मान खाली घालते आणि गर्दीत मागे राहते. गाभण गाय पाय फाकून पडली तर मांडीचे स्नायू फाटतात, म्हणून ओले, गुळगुळीत काँक्रीट असेल तर आधी त्यावर खाचा पाडून घ्याव्यात किंवा दाबलेल्या मातीची वाट निवडावी. लंगडणाऱ्या गाईला फिरवू नये. तिचे खूर आटवण्याच्या वेळीच साळून घ्यावेत.

मुक्त संचार गोठा असेल तर गव्हाण एका टोकाला आणि पाणी दुसऱ्या टोकाला ठेवले की निम्मे काम आपोआप होते. बांधीव गोठ्यात मात्र माणसाला वेळ काढावा लागतो. पहिल्या आठवड्यात रोज १०-१५ मिनिटे, तिसऱ्या आठवड्यापर्यंत पाऊण ते एक तास, गाईच्या चालीने आणि विनाकाठी, असा क्रम ठेवावा. हाकलणे, पळवणे, कुत्र्याने वळवणे हे गाभण गाईच्या बाबतीत वर्ज्य. गाईंनी वाटेत थांबून एकमेकींना हुंगले, अंग घासले तर थांबू द्यावे. आठवड्यातून एकदा दोन तास फिरवण्यापेक्षा रोजचा अर्धा तास हाडांच्या दृष्टीने अधिक उपयोगी असतो. विण्याच्या शेवटच्या आठवड्यात फिरवणे बंद करून गाईला भरपूर मऊ आच्छादन असलेल्या, तिला मोकळेपणे वळता येईल अशा स्वतंत्र जागी सोडावे. तिथली तिची आपखुशीची हालचाल पुरेशी असते.

चौथी पायरी : हिरव्या कुरणाचा सापळा टाळावा

ऊन आणि व्यायाम दोन्ही एकदम मिळावेत म्हणून भाकड गाई लुसलुशीत हिरव्या कुरणात सोडण्याची कल्पना साहजिक वाटते, आणि नेमकी तीच घातक ठरू शकते. भरपूर शेणखत, गोमूत्र किंवा पोटॅश मिळालेल्या कुरणातल्या कोवळ्या गवतात पोटॅशियम फार असते. ते रक्त अल्कधर्मी बाजूला झुकवते, आणि तेच गवत मॅग्नेशियमचे शोषणही अडवते. मॅग्नेशियम कमी पडले तर पॅराथायरॉइड संप्रेरक पुरेसे स्रवत नाही आणि स्रवले तरी त्याचा परिणाम होत नाही. म्हणजे उन्हाने व्हिटॅमिन डी दिले, चालण्याने हाडे भरली, आणि चाऱ्याने कुलूप लावले.

म्हणून विण्यापूर्वीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत फिरण्याची जागा गवत नसलेली किंवा खाऊन संपलेली असावी. लसूणघासासारखा चारा या काळात टाळावा, कारण त्यात पोटॅशियम आणि कॅल्शियम दोन्ही जास्त असतात. पोटॅशियम कमी असलेली सुकी वैरण आणि मोजून दिलेला खुराक हा सुरक्षित मार्ग आहे. खुराकात ऋणभारित क्षार, म्हणजे रक्त आम्लधर्मी बाजूला झुकवणारे क्षार, घालायचे असतील तर ते पशुआहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने घालावेत आणि त्यांचा परिणाम लघवीच्या सामूवर (पीएचवर) तपासावा : होल्स्टीन गाईंसाठी ६.२ ते ६.८ हा पट्टा योग्य मानला जातो. क्षार चालू असलेल्या गाईने बाहेर जाऊन पोटभर हिरवे गवत खाल्ले तर हा सामू पुन्हा ८ कडे सरकतो, आणि क्षारांचा खर्च वाया जातो.

पाचवी पायरी : विण्याच्या आसपास पाहणी करावी

व्याल्यानंतरच्या पहिल्या ४८ तासांत दर चार-पाच तासांनी, रात्रीसुद्धा, गाईजवळ जावे. दोन्ही कान मुठीत धरून पाहावेत. एरवी उबदार असणारे कान टोकापासून मुळापर्यंत गार लागले तर सावध व्हावे. उभ्या गाईचे मागचे पाय पाहावेत : ती वजन सारखे या पायावरून त्या पायावर घेत असेल, कुशीचे स्नायू थरथरत असतील, शेण घट्ट व थोडे पडत असेल, तर पहिली अवस्था सुरू झाली आहे. याच वेळी पशुवैद्यकांना बोलवावे. उभ्या, नीट गिळणाऱ्या गाईला तोंडावाटे कॅल्शियम देता येते. पुढच्या अवस्थेत ती छातीवर बसते, मान कुशीकडे वळवते, नाकपुडी कोरडी पडते आणि अंगाचे तापमान उतरते. अशा गाईला तोंडावाटे काहीही पाजू नये, कारण ते फुप्फुसात जाते. तिला शिरेतून कॅल्शियम लागते आणि ते सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत, जाणत्या हातांनीच द्यायला हवे. वैद्य येईपर्यंत तिला आडवी पडू देऊ नये, गवताच्या पेंढ्यांचा टेकू देऊन छातीवर बसवावे आणि दर दोन तासांनी कूस बदलावी, नाही तर खालच्या पायाचे स्नायू तिच्याच वजनाखाली निकामी होतात.

ऊन, चालणे आणि चारा यांची घडी बसली आहे की नाही हे एका गाईवरून ठरवू नये. तिसऱ्या वेतापुढच्या आठ-दहा गाईंचे रक्त व्याल्यानंतर दोन दिवसांच्या आत तपासून घ्यावे. त्यांतल्या बऱ्याच गाईंचे कॅल्शियम ८ मिलिग्रॅमच्या खाली निघाले तर आधी लघवीचा सामू आणि मॅग्नेशियम पाहावे, त्यानंतर रक्तातले व्हिटॅमिन डी, आणि फिरवण्याचे तास शेवटी वाढवावेत. व्यालेली गाय तिसऱ्या-चौथ्या दिवशी नीट खाऊ लागली, तिची वार पडलेली असली आणि कान उबदार राहू लागले की तिला पुन्हा रोजच्या वाटेवर सोडावे, सुरुवातीला दुधाळ कळपापासून वेगळे आणि थोडा वेळ.